मॅडम, दुसरं रक्त द्यायचं राहिलं

मॅडम, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. मला दोन मिनिटं दिली होती. माझ्या आधीचे सगळे 'भरून न येणारी पोकळी' म्हणून बसले. त्यातल्या काहींनी तुम्ही असताना तुमची फाइल टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊ दिली नव्हती. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि परत जागेवर आले. दोन मिनिटांत तुमच्याशी भांडण होत नाही. आपलं सगळ्यात छोटं भांडण रेवदंड्याच्या एस.टी. स्टँडवर झालं होतं आणि त्यात तुमच्या दोन गाड्या सुटल्या होत्या.

म्हणून लिहिते. मला लिहून भांडायची सवय आहे. पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी मी.

तुमचं शिक्षण, तुमचे निबंध, तुमची पदं हे सगळं सभेतल्या फलकावर होतं. फलकावर हे नव्हतं की तुम्ही भेटेल त्याची पोटरी दाबायचात. "दुखते का?" हा पहिला प्रश्न, नाव-गाव नंतर. आमच्या कोळीवाड्यातल्या पोरांनी तुमचं नाव 'पोटरीवाली बाई' ठेवलं होतं. ते तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढी वर्षं शिकवलं, शेवटी पदवी मिळाली."

ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत कळ. लेप्टो. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगेत, भेगेतून रक्तात. भाताच्या खाचरात तोच, मासळीबाजाराच्या गटारात तोच. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड घेऊन जातो. तुमच्या काकांना तळा गावच्या शेतात लावणीनंतर असाच ताप आला, डोळे पिवळे झाले. घरच्यांना वाटलं कावीळ. पाल्याचा रस देत राहिले. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मी "तुम्हाला शहरातल्या लोकांना काय कळणार" असं म्हणाले म्हणून. त्यानंतर ते वाक्य मी तुमच्यासमोर कधी वापरलं नाही. बाकीच्यांसमोर वापरते. लागू पडतं.

पहिल्यांदा तुम्ही आमच्याकडे आलात ते माझंच पत्रक हातात घेऊन. 'रक्त आमचं, नाव तुमचं.' बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर, जेटीवरच्या खांबावर मीच चिकटवलं होतं. कारण असं होतं की तुमच्या प्रयोगशाळेतली माणसं दोनदा गाडी घेऊन आली, दोन्ही वेळा गाव रिकामं मिळालं, आणि त्यांनी कागदावर आमच्या गावापुढे 'असहकारी' असं लिहिलं. आमच्या आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी ते वाचलं आणि मला सांगितलं. मग मी काय गप्प बसणार होते?

तुम्ही आमच्या दारात उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलात. आई बोंबील निवडत होती. मी उभीच.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. हर्षदा."

"शुद्धलेखन चांगलं आहे. मजकूर निम्मा चुकलाय."

"कुठला निम्मा?"

"नाव तुमचं, हा. माझं नाव कुठेच येत नाही गं. विद्यापीठाचं येतं."

आई हसली. माझी आई माझ्या शत्रूपक्षाच्या विनोदावर हसली, ते मी बरेच दिवस विसरले नव्हते. मग तीच तुम्हाला म्हणाली, "बाय, तुमची मानसं आली तवा उधान व्हतं. उधानाला घरान कोन ऱ्हातं?"

तुम्ही भातवाल्या, तळा गावच्या. तुम्हाला समजलं नाही. मग आईनेच सांगितलं. डोलीचं, म्हणजे समुद्रात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. पुनवेला-अवसेला उधाण, पाण्याला ओढ, बोटी बाहेर आणि बाया जेटीवर. अष्टमीच्या आसपास भांग येते, पाणी मंद होतं, जाळी किनाऱ्यावर पडतात, माणसं घरी असतात. तुमची गाडी यायची सोमवारी. सोमवार समुद्राला ठाऊक नसतो.

"आमच्या तळा गावाला पाणी फक्त वरून येतं," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या वेळी अष्टमीला आलात. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तुम्ही पंचांगाचं कॅलेंडर लावलंत आणि महिन्यातल्या दोन्ही अष्टम्यांना लाल गोल केले. कुणीतरी विचारलं, मॅडम उपास धरता का? तुम्ही म्हणालात, धरत नाही, सोडते. हे मला तुमच्या अमेयने सांगितलं. तुमच्या हाताखाली पीएच.डी. करणारा तो मुलगा, ज्याला तोंडातून एक वाक्य काढायला उधाण यावं लागतं.

त्या अष्टमीला मी कोपऱ्यात उभी राहून पहारा देत होते. किती रक्त घेताय, कशात घेताय, कुठे नेताय. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होतात: तापात घेतलेलं रक्त म्हणजे अर्धी गोष्ट. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरं घेतलं तर कळतं की शरीराने कोणत्या जंतूशी लढाई केली आणि कशी जिंकली. पहिलं सगळे देतात, कारण माणूस आडवा असतो. दुसरं कुणी देत नाही, कारण माणूस कामाला लागलेला असतो. "आणि दुसरं नसेल तर पहिल्याचा निम्मा उपयोग वाया," असं म्हणून तुम्ही सुई काढायचात, कापूस ठेवायचात आणि तो स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरायचात. विद्यार्थ्यांना करू द्यायचा नाहीत. दाबून धरायचं आणि म्हणायचं, "बोल."

मग माणूस बोलायचा. नळाला पाणी नाही. सून नीट बघत नाही. डिझेलचा परतावा आला नाही. काशीआत्या तर इतकी बोलली की रक्त कधीच थांबलं होतं आणि तुमचा अंगठा तिथेच होता. मागे रांग खोळंबली होती. हिरामण तांडेल ओरडला, "आत्ये, रगत द्यायला आलीस का माहेरी आलीस?"

"गप रे. बाय ऐकतेय ना."

मी तेव्हा मनात म्हणाले होते, ही बाई चलाख आहे. आजही म्हणते. पण चलाखीने माणूस एवढा वेळ कंबरेत वाकून उभा राहत नाही.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते संमतिपत्रावरून. तुम्ही मला ते वाचायला दिलंत. मी म्हणाले, हे मराठी आहे की शिक्षा? तुम्ही म्हणालात, मग तू लिही. मी लिहिलं. एका पानात, आईला वाचून कळेल असं. आणि शेवटी माझं एक वाक्य टाकलं: 'या रक्तातून उद्या लस किंवा औषध निघालं, तर ज्यांनी रक्त दिलं त्यांना परवडणार नाही अशा भावाने ते विकलं जाणार नाही.'

तुम्ही सगळं पान ठेवलंत आणि ते वाक्य कापलंत.

"का?"

"नैतिक समिती पास करणार नाही. रक्त देण्याच्या बदल्यात काही कबूल केलं तर ते आमिष होतं."

"म्हणजे वचन दिलं नाही तर लूट आणि दिलं तर लाच. मग आम्ही जायचं कुठे?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. तुमच्याकडे उत्तर नसलं की चष्मा मळायचा.

त्यानंतर ते वाक्य आपल्या दोघींच्या मध्ये राहायलाच आलं. फोनवर, चौलच्या वाडीत नारळपाणी पिताना, मांडव्याच्या जेटीवर. तुम्ही म्हणायचात, आधी लस होऊ दे, मग भांड. मी म्हणायचे, झाल्यावर भांडायला उशीर झालेला असतो, तोवर कुणीतरी डबा झाकून घेऊन गेलेलं असतं. तुम्ही म्हणायचात, अगं, डब्यात अजून काही नाही. परदेशात कुठेकुठे लस आहे, पण ती तिथल्या जंतूंवर. आपला जंतू आपल्या चिखलातला. तो आधी सापडला पाहिजे, वाढवता आला पाहिजे, मग पुढचं. त्यात तुझी माझी दोघींची वर्षं जातील.

आणि मग एका दुपारी तुमचा फोन आला. फक्त "आला" म्हणालात.

"कोण आला?"

"तुमच्या कोळीवाड्याच्या रक्तातला. वाढला बाटलीत. इतके आठवडे नुसतं ढगाळ पाणी बघत होते."

नातू झाल्यासारखा आवाज होता तुमचा. मी ज्या रक्तावरून पत्रकं काढत होते त्यातला रोगजंतू जन्मल्याची बातमी तुम्ही सगळ्यात आधी मला सांगत होतात. पुढच्या खेपेला मी तुमच्या प्रयोगशाळेत आले आणि तुम्ही मला सूक्ष्मदर्शकातून तो दाखवलात. काळोखात बारीक चांदीच्या तारा वळवळत होत्या, टोकाला वाकलेल्या, आमच्या गळासारख्या. तुमच्या लोकांना ते टोक प्रश्नचिन्हासारखं दिसतं, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हणाले, एवढे प्रश्न, मग याला मीच पोसला असणार.

त्याच दिवशी शेजारच्या खोलीतली तुमची मैत्रीण भेटली, जी समुद्रातल्या स्पंजांतून औषध शोधते. तिच्यासाठी तुम्ही माझ्या आईकडे जाळ्यात अडकणारी घाण मागितली होतीत. आई अजून सांगते सगळ्यांना, "म्हावरं न्हाय मागत, घान मागतात. घानीतून दवा काढतात म्हने." पण परवा मी पाहिलं, जाळं झाडताना ती स्पंज बाजूला काढून बादलीत ठेवत होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर फेकून दिला असता.

त्या दिवशी मी चिडलेही होते, ते लिहायला हवं. तो जंतू ज्या फ्रीजमध्ये होता त्याच्या दाराला दोरी बांधलेली होती. नव्या फ्रीजचा अर्ज कधीचा पडून होता, आणि खाली दालनात कसल्यातरी उद्घाटनाची रेशमी फीत अजून लोंबत होती. या देशात शोध लागावा अशी सगळ्यांची इच्छा आहे, फक्त फ्रीज घेऊन द्यायची नाही. मी म्हणाले, यावर पत्रक काढते. तुम्ही म्हणालात, काढू नकोस, दोरी चांगली आहे, हिरामणनेच गाठ मारायला शिकवली. तुमचं हे मला कधी पटलं नाही. आजही नाही. तुम्ही सगळं भागवून नेलंत म्हणून त्यांना कधी काही द्यावं लागलं नाही. हे तुम्ही समोर असताना म्हणायचं होतं, याच शब्दांत. राहिलं.

यंदा पितृपक्षात पाऊस परतून आला आणि बाजाराच्या गल्लीत गुडघाभर पाणी. गटार तुंबलं होतं. मी त्या गटारावरच पत्रक काढून त्याच पाण्यातून दारोदार वाटत होते. आठवड्याभराने तुम्हाला फोन केला आणि वाक्याचं काय झालं विचारलं. भांडण चांगलं रंगलं होतं.

"तुझा आवाज का असा येतोय?"

"विषय बदलू नका."

"हर्षदा, पोटऱ्या दुखतात का?"

"दिवसभर पत्रकं वाटली आहेत. दुखणारच."

"आरशात डोळे बघ."

"मॅडम, मी माझ्या वाक्याबद्दल बोलतेय."

"आईला फोन दे. आत्ता."

तासाभरात आईने मला रिक्षात घातलं. अलिबागला दाखल केलं, गोळ्या, सलाइन, सगळं वेळेत. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. मी लवकर आले नव्हते. तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं तोडलं आणि मी त्याबद्दल आभार मानतेय. हेही तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी काय म्हटलं? तुम्ही संध्याकाळी पेटी घेऊन आलात, पोटरी दाबलीत, मी कळवळले, आणि तुम्ही म्हणालात, "गटाराशी लढता लढता गटाराने धरलं तुला. सही कर."

"वाक्य आहे का त्यात?"

"नाही."

पहिलं दिलं. तापात तत्त्व टिकत नाही. पण तुम्ही कापूस दाबून "बोल" म्हणालात तेव्हा मी बोलले, "दुसरं वाक्याशिवाय मिळणार नाही." मग तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की ते वाक्य तुम्ही फेकलेलंच नव्हतं. संमतिपत्रात बसत नाही, पण उद्या विद्यापीठ हा शोध एखाद्या कंपनीच्या हाती देईल त्या करारात अट म्हणून बसू शकतं. तुम्ही ते बैठकीच्या विषयांत घातलं होतं. एकदा पुढे ढकललं गेलं. पुन्हा घातलं होतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू भांडायची थांबली असतीस. मला बैठकीत तुझे मुद्दे लागतात."

दारातून वळून म्हणालात, "भांगेला भेटू."

कोजागरीला तुमचं हृदय थांबलं. पौर्णिमा, म्हणजे उधाण. आमचा सगळा कोळीवाडा समुद्रावर. उधाण ओसरायच्या आत झालेल्या सभेत तुमच्या कामाच्या गावांमधून फक्त मी होते, आणि मला पहिल्या रांगेतले काही चेहरे तेच जुनं लिहिताना दिसत होते: असहकारी. मी माइकवरून एवढं तरी सांगायला हवं होतं की भरती कुणासाठी थांबत नाही, तुमच्यासाठीही नाही, आणि तुम्हाला ते चाललं असतं.

बोटी परत आल्या तशी माणसं आमच्या दारात आली. काशीआत्या पदराने डोळे पुसत बसली. मग हिरामण म्हणाला, "अष्टमीला ते पोरगं येनार पेटी घेऊन. रगत द्यायचं का न्हाय?"

"मला का विचारता?"

"तूच सांगत व्हतीस ना, लिहून देत न्हाईत तवर देऊ नका. बाय व्हती म्हनून आमी देत व्हतो. आता कोनाच्या तोंडाकडं बघायचं?"

खरं होतं. यंदाच्या तापातून उठलेले बरेच जण होते गावात, मी धरून. सगळ्यांचं पहिलं रक्त तुमच्या दोरी बांधलेल्या फ्रीजमध्ये. मी नाही म्हणाले असते तर एकानेही हात पुढे केला नसता आणि तुमचं शेवटचं काम अर्धं राहिलं असतं. हो म्हणाले असते तर ते वाक्य कुठेच लिहिलेलं नसताना मी गावाचं रक्त देऊन बसले असते. आणि माझ्याकडे पुसायला चष्मासुद्धा नव्हता.

दोन दिवस मी तुमच्याशी भांडले. आधी लस मग भांडण, आधी भांडण मग लस. जेटीवर फेऱ्या मारत दोन्ही बाजू मीच बोलत होते, आणि तुमची बाजू बोलताना माझा आवाजही तुमच्यासारखा व्हायचा.

आज सकाळी अमेय आला. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. पेटीतून आधी त्याने भिंतीवरचं ते कॅलेंडर काढलं, लाल गोलांचं. का आणलं विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही. तिथे ठेववेना." लोक लांब उभे. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"वाक्याचं काय?" मी विचारलं.

"पुढच्या बैठकीत आहे. मॅडम मांडणार होत्या." त्याने कॅलेंडर टेबलावर सरळ केलं. "आता मी मांडणार. पण मला बोलता येत नाही."

"मला येतं."

"तुम्हाला बोलावतील की नाही, सांगता येत नाही."

"मला आजवर कुणी कुठे बोलावलंय?"

तो हसला. तुम्ही गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदा. आणि मला एकदम लक्षात आलं की आधी काय आणि मग काय हा आपला प्रश्नच चुकीचा होता. तुम्ही रक्त घेता घेता भांडत होतात आणि भांडता भांडता रक्त घेत होतात. दोन्ही हातांनी, एकाच वेळी. मीच रांग लावत बसले होते.

मी गावाकडे वळले आणि म्हणाले, "वाक्य अजून लिहिलेलं नाही. लिहितील अशी हमी मी देत नाही. मी तिथे जाऊन बसणार आहे, एवढं सांगते. ज्याला पटेल त्याने द्या. ज्याला पटणार नाही त्याने बैठकीच्या दिवशी माझ्यासोबत चला."

"दोनी केलं तर चालंल का?" काशीआत्येने विचारलं.

खुर्चीवर आधी मी बसले. मॅडम, लस नाही झाली अजून. कदाचित आईला नाही मिळायची. कदाचित मला पांढऱ्या केसांची होऊन मिळेल, आणि तेव्हा टोचणारी मुलगी तुमचं नाव ऐकूनही नसेल, कारण नाव विद्यापीठाचं येतं. चालेल. पण तो बाटलीतला जंतू जिवंत आहे, अमेय अष्टमी मोजायला शिकला आहे, आणि माझ्या मागे रांग लागली होती. त्या रांगेत हिरामण चक्क गप्प उभा होता.

सुई निघाली. अमेयने कापूस ठेवला. मी सवयीने दुसरा हात पुढे केला, स्वतःच दाबून धरायला. त्याने तो बाजूला सारला, अंगठा कापसावर ठेवला आणि कंबरेत वाकून माझ्याकडे बघितलं.

"बोला," तो म्हणाला.

मी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. अंगठा तसाच होता.